फिरणारी अणुकेंद्रे आणि त्यांचे आकार

अणुकेंद्र म्हटले की प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा घट्ट, वाटोळा गोळा डोळ्यांपुढे येतो. शिशाच्या २०८ वस्तुमानांकाच्या अणुकेंद्रापुरते हे चित्र बरोबर आहे. विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रांतील विद्युत्‌भार मात्र एका अक्षाच्या दिशेने बराच लांबलेला आढळला. एखाददुसऱ्या प्रोटॉनाच्या कक्षेने एवढी लांबण संभवत नाही. बाहेरच्या कणांच्या प्रभावाने सबंध गाभाच विरूपित होत असावा, असे जेम्स रेनवॉटर यांनी १९५० मध्ये सुचविले. त्या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांच्याच खोलीत बसणारे ऑगे बोर यांनी कोपनहेगनला परतल्यावर बेन मॉटलसन यांच्यासह या विचाराचा विस्तार केला. या तिघांना १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण जे दिसत नाही त्याचा आकार ओळखावयाचा कसा? येथे परिवलन उपयोगी पडते. पूर्ण गोल अणुकेंद्र फिरले, असे म्हणण्याला पुंजयामिकीत अर्थच नाही. कारण फिरण्यापूर्वीची व नंतरची स्थिती यांत कसलाही भेद करता येत नाही. लांबट अणुकेंद्राची दिशा बदललेली कळते, म्हणून ते फिरू शकते. त्याची दोन्ही टोके सारखीच असल्याने, प्रोटॉन व न्यूट्रॉन दोहोंची संख्या सम असेल तेव्हा या परिवलनात कोनीय संवेगाची ०, २, ४, ६, ८ अशी समच मूल्ये येतात. या पातळ्यांच्या मालिकेस परिवलन पट्ट म्हणतात. आदर्श पट्टात दुसऱ्या उत्तेजित पातळीची ऊर्जा पहिलीच्या ३.३३ पट असते; गोल अणुकेंद्र नुसते कंप पावत असेल, तर सुमारे दुप्पट.

हाफ्नियम-१८० चे उदाहरण बोलके आहे. (कोपनहेगनच्या लॅटिन नावावरूनच या मूलद्रव्याचे नाव पडले, हा एक गमतीदार योगायोग.) त्याची साडेपाच तास अर्धायुष्य असलेली एक उत्तेजित अवस्था ऱ्हास पावताना पट्टाच्या पायऱ्या एकामागून एक उतरते आणि ४४३, ३३२, २१५ व ९३ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण बाहेर पडतात. पहिल्या दोन पातळ्या ९३ व ३०९ वर येतात, गुणोत्तर ३.३१.

हा आकार किती नाजूक तोलावर असतो, हे समॅरियम दाखविते. समॅरियम-१५० मध्ये हे गुणोत्तर २.३ आहे. केवळ दोन न्यूट्रॉन वाढले की, समॅरियम-१५२ मध्ये, ते ३.० होते आणि पहिली पातळी ३३४ वरून १२२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टवर उतरते.

वेगाने फिरविल्यास आणखी नवल घडते. अणुकेंद्रातील कण जोडीजोडीने बांधलेले असतात, त्यामुळे त्याचे निरूढी परिबल घन पदार्थाच्या मानाने बरेच कमी भरते. १९७१ मध्ये स्टॉकहोम येथे डिस्प्रोशियम-१६० चा पट्ट तपासताना, कोनीय संवेग सोळाच्या आसपास पोचताच हे परिबल एकाएकी वाढलेले दिसले. परिवलनाच्या ओढीने न्यूट्रॉनांची एक जोडी फुटून त्यांचे संवेग परिवलनाच्या अक्षाकडे वळतात, असा त्याचा उलगडा झाला.

१९८६ मध्ये इंग्लंडमधील डेअर्सबरी येथे डिस्प्रोशियम-१५२ मध्ये एकोणीस गॅमा किरणांची मालिका सापडली. लागोपाठच्या किरणांत सुमारे ४७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे जवळजवळ समान अंतर होते. अणुकेंद्राची लांबी रुंदीच्या दुप्पट झाली होती. हा पट्ट नेहमीच्या पातळ्यांशी जोडणारा किरण ओळखण्यास मात्र २००२ साल उजाडावे लागले.