पाण्याचा ताळेबंद

महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टच्या काळ्या कातळाने व्यापलेला आहे. या कातळात पाणी साठण्यास फारसा वाव नाही. भेगांतून व मुरुमाच्या थरांतून जेवढे पाणी मुरेल, तेवढेच विहिरींच्या वाट्यास येते. म्हणूनच धावते पाणी अडविणे व वाहून जाणारी माती राखणे ही कोरडवाहू शेतीची पहिली गरज होय. परंतु मुरलेले पाणी कोणी, किती व कोणत्या पिकासाठी वापरावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

माथा ते पायथा

मृद्‌संधारणाची कामे माथ्यापासून पायथ्याकडे करावयाची असतात. डोंगरावर समतल चर, उतारावर गवत व झाडे, शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यावर बंधारे, असा हा क्रम आहे. तो उलटला तर वरची माती वाहून येऊन बंधारा गाळाने भरतो.

नायगावचा प्रयोग

१९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाण्याचे वाटप जमिनीच्या प्रमाणात न करता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात करावे, हे त्याचे मूलतत्त्व होते. माणशी अर्धा एकर व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी देण्यात आले. भूमिहीनांचाही पाण्यावरील हक्क मान्य झाला. उसासारख्या पिकास पाणी नाकारण्यात आले. एकाच्या उसापायी अनेकांची ज्वारी वाळू नये, हा त्यामागील न्याय होता.

हिवरे बाजारचा निर्धार

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले व पुढे गावाचा आदर्शगाव योजनेत समावेश झाला. श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यांमुळे उजाड डोंगर पुन्हा हिरवे झाले. तथापि, गावाचे खरे वेगळेपण पुढील टप्प्यात दिसते. शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास आणि ऊस व केळी लावण्यास गावाने स्वतःहून मनाई केली. पावसाळा सरल्यावर उपलब्ध पाण्याचा अंदाज ग्रामसभेपुढे मांडला जातो. प्रथम माणसे व जनावरे यांची गरज बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरतात.

हिशेब कसा मांडावा?

हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी मिळते. शंभर हेक्टरवर ४०० मिलिमीटर पाऊस झाल्यास ते ४० कोटी लिटर होते. यातील बराच भाग वाफ होऊन व वाहून जातो. उरलेल्या पाण्याचा अंदाज विहिरींच्या पातळीवरून बांधता येतो. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास गणिताचा एक जिवंत पाठच त्यांना मिळेल. ही नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, कृषी सहायकाने त्यावरून पिकांचा सल्ला द्यावा आणि निर्णय मात्र ग्रामसभेने घ्यावा.

बंधारा शासनाच्या अनुदानातून उभा राहू शकतो. त्यातील पाणी पुरवून वापरण्याची शिस्त अनुदानातून मिळत नाही. एका शेतकऱ्याने खोल विंधनविहीर घेतली तर शेजाऱ्याची विहीर आटते आणि साऱ्या गावाचे श्रमदान वाया जाते. हे टाळावयाचे असेल तर बंधाऱ्याची पायाभरणी करतानाच पाणीवापराचे नियमही ग्रामसभेत ठरविले गेले पाहिजेत.