बाळंतिणीचा सुजलेला पाय

गरोदरपणी दोन्ही पावलांवर थोडी सूज येणे ही नित्याची गोष्ट होय. परंतु एकच पाय, आणि तोही बहुधा डावा, सुजून पोटरी दुखू लागली व गरम भासू लागली, तर ते दुखणे निराळे समजावे. पायातील खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो.

प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गच गर्भवतीच्या रक्ताची गोठण्याची शक्ती वाढवून ठेवतो. त्यातच वाढत्या गर्भाशयाच्या दाबाने पायांतील रक्त वर चढण्यास विलंब लागतो. डाव्या पायाकडून येणारी मोठी नीला ओटीपोटात एका धमनीखालून जाते, त्यामुळे त्या बाजूस अडथळा अधिक. इतर स्त्रियांच्या मानाने गर्भवतीस हा धोका ४ ते ५ पट असतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत तो आणखी वाढतो.

नेमक्या याच काळात काही घरांतून बाळंतिणीस अंथरुणावरून उठू देत नाहीत व पाणीही बेतानेच देतात. दोन्ही गोष्टी गुठळीस पोषक आहेत. डॉक्टरांची मनाई नसेल तर तिने लवकर हिंडूफिरू लागावे, तहान भागेल इतके पाणी प्यावे. तेल लावून अंग रगडण्याच्या प्रथेस एरवी हरकत नाही. मात्र एकच सुजलेला पाय कदापि चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. एकाएकी धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. सकाळची वाट पाहू नये.

गुठळीचे निदान सोनोग्राफीने होते. हेपारिनची इंजेक्शने हा गरोदरपणातील मुख्य उपचार. हे औषध वारेतून गर्भापर्यंत पोहोचत नाही. वॉरफरिनच्या गोळ्या मात्र पोहोचतात व गर्भास व्यंग आणू शकतात. अशा गोळ्या आधीपासून चालू असलेल्या स्त्रीने दिवस गेल्याची शंका येताच डॉक्टरांस भेटावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. उपचार एकूण किमान ३ महिने, आणि प्रसूतीनंतर निदान ६ आठवडे चालतो. त्या काळात हेपारिन किंवा वॉरफरिन घेत असताही बाळास अंगावर पाजता येते.

पूर्वी गुठळी झाली असेल, आईस वा बहिणीस तो विकार असेल, तर ते नाव नोंदवितानाच सांगावे. वय ३५ वर्षांहून अधिक, स्थूलपणा किंवा शस्त्रक्रियेने प्रसूती असता डॉक्टर प्रतिबंधक इंजेक्शनांचा विचार करतात.