चित्रगीतासाठी गाणे : निवड आणि काटछाट

विद्यार्थ्यांची चित्रगीते पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते. चित्रे चांगली असतात, पण गाणे मागाहून चिकटवलेले असते. वास्तविक आपल्या चित्रपटांनी हा क्रम फार पूर्वीच ठरवून टाकला आहे. 1935 साली न्यू थिएटर्सच्या 'भाग्यचक्र' आणि 'धूपछाँव' या चित्रपटांत पार्श्वगायन आले. पुढे गाणे आधी ध्वनिमुद्रित करून ते वाजवत चित्रण करण्याची रीतच पडली. तीन मिनिटांचे चित्रगीत करणाऱ्यानेही कॅमेरा हाती घेण्यापूर्वी गाण्याची अंतिम लांबी निश्चित करावी.

आमच्या गटाने तुकोबांचा एक अभंग आणि पुरंदरदासांचे एक पद एकत्र घ्यायचे ठरवले. बेळगावात प्रेक्षक दोन्ही भाषांचे आणि या दोघांचे दैवतही एकच. पहिली सूचना अर्थातच पंडित भीमसेन जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकांची आली, कारण अभंग आणि दासांची पदे दोन्ही त्यांनी गायिली आहेत. पण मी वाणिज्य शाखेचा. मालमत्ता कोणाची, हा प्रश्न मला आधी सुचतो. एका गाण्यात तीन मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे टिकतो. संतांचे शब्द सर्वांचे आहेत. पण त्या गाजलेल्या अभंगांच्या चाली राम फाटक, श्रीनिवास खळे अशा अलीकडच्या संगीतकारांच्या आहेत. महाविद्यालयात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता कार्यक्रम करण्यास कायद्याच्या 52 व्या कलमात सवलत आहे. चित्रफीत करून ती यूट्यूबवर चढवणे मात्र त्या सवलतीत बसत नाही. तेथील कंटेंट आयडी ही यंत्रणा ध्वनिमुद्रण आपोआप ओळखते. म्हणून भजनी मंडळांतल्या पारंपरिक चाली घेऊन गाणे नव्याने गाऊन घेणे, हाच मार्ग मला योग्य वाटला.

गायक मुलगा काळी एकमध्ये गाणारा, गायिकेला ती पट्टी फार खाली पडते. यंत्राने स्वर चढवला की आवाज पातळ व खोटा होतो. तेव्हा तिला काळी तीन दिली. काळी एकचा मध्यम म्हणजेच काळी तीनचा षड्ज. अभंग मध्यमावर थांबवला की तोच स्वर पदाचा षड्ज होतो, आणि पट्टी बदलली हे कानाला खटकत नाही.

आता काटछाट. सेकंद मोजून कापणे हा सर्वांत वाईट उपाय. कापायचे ते समेपासून समेपर्यंत. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला 96 मात्रांची लय धरली तर एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचे होते, म्हणजे सेकंदाला 25 चौकटींच्या चित्रणात 125 चौकटी. तीन मिनिटांत 36 आवर्तने बसतात. गाताना कानात मेट्रोनोम ठेवला तरच हा हिशेब जमतो. एरवी भजनाची लय हळूहळू चढते, शेवटचे आवर्तन पहिल्यापेक्षा आखूड भरते आणि दूरचे दोन तुकडे जोडले की ठेच लागते.

अभंगाला 16, पदाला 18 आणि मध्ये विठ्ठलनामाच्या गजराला दोन आवर्तने दिली. कानडीला दहा सेकंद जास्त का, असे एका मित्राने लगेच विचारले. आमच्या गावात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पण 17 आणि 17 केले असते तर पदाचे एक चरण अर्ध्यावर तुटले असते आणि अभंगात एक आवर्तन नुसता ठेका उरला असता. चरणाची लांबी कवीने ठरवलेली आहे, आमच्या समितीने नाही. मित्राला हे पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही.

कोणते चरण गाळावे, यात खरी जबाबदारी आहे. दोन्ही रचनांत कर्त्याची नाममुद्रा शेवटच्या चरणात येते. तेथे कात्री लावणे म्हणजे कागदावरची सही फाडणे. ध्रुपदाने विषय मांडलेला असतो, म्हणून तेही राखावे. काढायचे ते मधले चरण, आणि तेही पुढच्या चरणाचा अर्थ त्यावर अवलंबून नाही हे पाहून. कानडी पदासाठी हे काम कानडी विभागाच्या मैत्रिणीने केले. मला भाषा येते, पण दासांची जुनी कानडी तिला अधिक कळते.

सांधा कुठे द्यावा? गायकाने श्वास घेतलेल्या जागी मुळीच नको; अर्धा श्वास फार विचित्र ऐकू येतो. टाळेच्या ठोक्याच्या किंचित आधी कापावे आणि दोन्ही तुकडे दहा-वीस मिलिसेकंद एकमेकांवर विरघळवावेत, म्हणजे 'टक्' असा आवाज येत नाही आणि ठोक्याखाली जोड झाकली जाते. मात्र समेवर येणाऱ्या शब्दाचे पहिले व्यंजन समेच्या जरा आधी सुरू होते, ते कापले जाऊ देऊ नये. शेवटी 36 वे आवर्तन संपल्यावर लगेच शांतता नको. चित्र काळे झाले तरी टाळेचा नाद विरेपर्यंत दोन सेकंद ध्वनी चालू ठेवावा.