ओला खोका भंगारवाला का घेत नाही?

मैत्रिणींनो, मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाने दुकानातले रिकामे खोके ओसरीत रचून ठेवले होते. पागोळ्यांचं पाणी लागलं. भंगारवाल्याने वरचे चार-पाच उचलले, बाकीचे "ताई, हे नको" म्हणून तसेच ठेवले. गटातल्या एकीने विचारलं, "कारखान्यात पुठ्ठा पाण्यातच कालवतात ना? मग ओल्याचं वावडं कशाला?" प्रश्न बरोबरच होता.

खोक्याची कड नीट बघा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद दिसेल. हा झाला तीन पदरी पुठ्ठा. जड मालाला पाच किंवा सात पदरी लागतो. हे पदर बहुतेक वेळा स्टार्चच्या खळीने चिकटवतात, म्हणजे आपण घरी पिठाची खळ करतो तसंच. (१८७१ साली अमेरिकेत आल्बर्ट जोन्स यांनी नागमोडी कागदाचं पेटंट घेतलं, ते काचेच्या वस्तू फुटू नयेत म्हणून.) पाणी लागलं की खळ सुटते, पदर वेगळे होतात.

कारखान्यात पुठ्ठा पाण्यात घुसळून लगदा करतात, पिना-टेप गाळून काढतात आणि पुन्हा कागद ओढतात. पण ओला माल तिथवर जाईपर्यंत गठ्ठ्यात बुरशी धरते, तंतू कुजतात. शिवाय वजनात पाणी मोजलं जातं. पाण्याचे पैसे कोण देईल? तंतू मुळात दर फेरीला आखूड होत जातात, म्हणून त्यात नवा किंवा लांब तंतूंचा माल मिसळावा लागतो. कुजका माल कोणालाच नको.

तेलाचं आणखी वाईट. पाण्यात तेल सुटत नाही, लगद्यात राहतं आणि नव्या कागदावर डाग पडतात. म्हणून चिवडा, शेव, लोणचं भरताना खोक्यात आधी पिशवी घाला. आतून मेण किंवा प्लास्टिक चढवलेले खोके वेगळेच ठेवा, ते साध्या पुठ्ठ्यात मिसळले तर सगळ्या गठ्ठ्याचा भाव पडतो.

खोके रिकामे झाले की टेप ओढून काढायची, घडी मोडून सपाट करायचे, सुतळीने बांधून पाटावर किंवा विटांवर ठेवायचे. जमिनीची ओलसुद्धा चढते, हे आम्हाला उशिरा कळलं.

जे भिजलेच त्यांची टेप आणि पिना काढा, फाडून गांडूळखताच्या खड्ड्यात शेणाबरोबर टाका. आमचा ओसरीतला ढीग शेवटी तिकडेच गेला.