अयुथ्या : अवशेष कसे वाचायचे?

अयुथ्या ही थायलंडची जुनी राजधानी. १३५१ साली ती वसली आणि १७६७ मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. बँकॉकच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर तिचे अवशेष आहेत.

तिथे मराठी माणसाला भाषाच वाट दाखवते. अयुथ्या म्हणजे आपली अयोध्या. ‘वट’ म्हणजे मंदिर. ‘चेदी’ आणि आपला ‘चैत्य’ एकाच घरातले. ‘वट महाथात’मधला ‘थात’ म्हणजे धातू, अर्थात पवित्र अस्थी. ‘वट फ्रा सी सानफेत’मध्ये ‘श्री’ आणि ‘सर्वज्ञ’ दडलेत. तिथल्या तीन चेदी राजांच्या अस्थींसाठी बांधल्या.

पण शब्द ओळखीचे निघाले म्हणून जागा आपली होत नाही. महाथातमध्ये झाडाच्या मुळांत बुद्धाचं मस्तक अडकलंय. फोटो काढताना खाली बसायला सांगतात, कारण आपलं डोकं त्या मस्तकाहून वर नको. आपल्याला जे पडकं वाटतं, ते त्यांच्यासाठी आजही पूजनीय आहे.

आणखी एक गोष्ट. सगळंच काही युद्धाने गेलं नाही. पुढे बँकॉक उभारताना इथल्या विटा तिकडे नेल्या.

म्हणून अवशेष पाहताना तीन प्रश्न विचारा : नाव कुठून आलं? विटा कुठे गेल्या? आणि इथे अजून कोण हात जोडतं?