जाणूनबुजून होणारी हेळसांड आणि जुन्या वास्तूंचे रक्षण

उद्देश : जुनी वास्तू केवळ पाडली जाते असे नव्हे, तर ती पडूही दिली जाते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे.

विवेचन : प्राणहितेच्या तीरावरील सिरोंचा हे १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. तेथील किल्ल्याचे अवशेष व इंग्रजी अमदानीतील विश्रामगृह गतकाळाची साक्ष देतात. अशा वास्तूंचा पहिला शत्रू पाणी होय. एक कौल सरकले की पाणी वाशात मुरते. वासा कुजला की छप्पर खचते आणि उघड्या भिंतीत पिंपळ मूळ धरतो. वेळीच कौल बसविले असते, तर पुढील अनर्थ टळला असता.

अज्ञानाने वा दारिद्र्याने असे घडते, तेथे साहाय्य हवे. परंतु मोठ्या शहरांत ते कधी कधी हेतुपुरस्सर घडू दिले जाते. जागेचे मोल वाढलेले, भाडे मात्र जुनेच, आणि संरक्षित वास्तू पाडण्यास परवानगी मिळत नाही. अशा वेळी दुरुस्ती न करणे मालकास सोयीचे वाटते. पुढे इमारत धोकादायक ठरते. जे परवानगीने साधले नसते, ते पाऊस साधून देतो.

हेतू सिद्ध करणे मात्र कठीण असते. मुंबईतील वॉटसन हॉटेल, म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन, ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेली आहे. येथेच ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली. पुढे वर्षानुवर्षे दुरुस्ती रखडली; २००५ साली काही भाग कोसळला आणि २०१९ साली इमारत रिकामी करावी लागली. दोष कोणाचा, हा वाद चालू असताना भिंत थांबून राहत नाही.

म्हणून कर्तव्य आधीच ठरवून द्यावे लागते. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमांनी नियमित दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी ठरविली आणि त्याचे नुकसान होऊ नये म्हणून, तेथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क अन्यत्र वापरण्याची मुभाही दिली. बंधन व मोबदला ही दोन्ही चाके हवीत. संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदाने वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचेही कर्तव्य मानले आहे.

कृती : मृगापूर्वी व दिवाळीनंतर शिक्षकांनी विद्यार्थ्यांस गावातील एखादी जुनी वास्तू बाहेरूनच दाखवावी, कोणासही भिंतीवर चढू देऊ नये. सरकलेली कौले, तुंबलेले पन्हळ, भेगा व उगवलेली रोपे यांची तारखेसह नोंद वहीत करवून घ्यावी आणि तिची प्रत नगरपंचायतीस किंवा ग्रामपंचायतीस द्यावी. दरवर्षीच्या नोंदी शेजारी ठेवल्या, म्हणजे वार्धक्य कोणते व हेळसांड कोणती, हे कोणासही दिसेल.

प्रश्न :
१. वास्तूच्या नाशास पाणी कसे कारण होते?
२. केवळ पाडण्यावर बंदी घालून वास्तू का वाचत नाही?
३. दरवर्षीच्या नोंदींचा उपयोग काय?