घोयरा आणि त्याचें घर

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण हिणवून वापरतों. परंतु त्या कुंपणांत त्याचें सारें जग सांठविलेलें असतें, हें आम्हांस एका मेलेल्या प्राण्यानें शिकविलें. त्याचीच हकीकत येथें सांगतों.

मालवणाकडे गडग्यावर बसून मान हालविणारा साधा सरडा निराळा आणि घोयरा निराळा. घोयऱ्याचें अंग हिरवट व दोन्ही बाजूंनीं चपटें, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, चाल संथ. डावा डोळा पुढें पाहत असतां उजवा मागें पाहूं शकतो. पायांचीं बोटें दोन गटांत जुळलेलीं असल्यामुळें तो फांदी चिमट्यासारखी धरतो आणि शेपटीचा वेढा घालून स्वतःस सांवरतो. शेपटीसह तो सव्वा फुटापर्यंत वाढतो. कोठें यास सरडगुहिरा म्हणतात. या कुळाच्या २०० हून अधिक जाती असून त्यांतील निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्कर बेटांत आहेत. आपल्या देशांत ही एकच. १७६८ सालीं लॉरेंटी या शास्त्रज्ञानें तिचें वर्णन केलें व सिंहलद्वीपावरून तिला नांव दिलें.

कांहीं वर्षांपूर्वीं, चैत्राच्या अखेरीस, एका विद्यार्थ्यानें काजूच्या बागेंतून असा एक घोयरा बिस्किटांच्या डब्यांत घालून वर्गांत आणला. तो पाळावा असें मुलांच्या मनांत आलें, आणि आम्हीं होकार दिला. कायदा आम्हांस ठाऊक नव्हता. ठाऊक करून घेण्याची तसदीही आम्हीं घेतली नाहीं. मासे ठेवण्याची एक कांचेची पेटी रिकामी होती. तींत वाळू पसरली, एक वाळकी फांदी उभी केली, पाण्याची वाटी ठेवली, वर फळी टाकली आणि सर्वांस नीट दिसावें म्हणून पेटी खिडकीशीं मांडली. पहिल्या दिवशीं त्यानें अंगाहून लांब अशी जीभ फेंकून एक नाकतोडा टिपला. कोणास डोळ्यांचें पातें लवण्याइतकाही अवधि मिळाला नाहीं! दुसऱ्या दिवशीं त्यानें कांहीं खाल्लें नाहीं. तिसऱ्या दिवशीं भर दुपारीं तो फिकट पिंवळा झाला आणि तोंड उघडून बसला. रंग बदलला म्हणून मुलांनीं टाळ्या वाजविल्या, आम्हींही वाजविल्या. चवथ्या दिवशीं सकाळीं तो फांदीखालीं पडलेला आढळला. पाण्याची वाटी भरलेलीच होती.

त्यानंतर आम्हीं जें वाचलें, तें आधीं वाचावयास हवें होतें. घोयरा सांचलेलें पाणी सहसा ओळखतच नाहीं. पानांवरचें दंव आणि पावसाचे ओघळणारे थेंब चाटून तो तहान भागवितो. वाटीशेजारीं तो तहानेला राहिला. कांचेंतून ऊन आंत आलें, वारा आला नाहीं. पेटीची भट्टी झाली. घोयरा ज्या वस्तूवर बसतो तिचा रंग घेतो, हा समज तर साफ खोटा. थंडींत तो काळपटतो, म्हणजे उन्हाची ऊब अधिक मिळते. उन्हाचा ताप असह्य झाला कीं फिकटतो. भय आणि राग हेही त्याच्या रंगांत उमटतात. जिनीव्हाच्या शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं मादागास्करच्या एका जातीवर दाखवून दिलें कीं, कातडींतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलतें, आणि त्यामुळें परावर्तित होणारा रंगही बदलतो. तोंड उघडणें हें उष्णता बाहेर टाकण्यासाठीं असतें. आम्ही ज्याला खेळ समजलों, तो त्याचा जीव वांचविण्याचा यत्न होता.

युरोप-अमेरिकेंत हौशी लोक येमेन देशची एक जात पाळतात. जाणते लोक नवख्यास सांगतात कीं, रानांतून धरलेला प्राणी घेऊं नये, पिंजऱ्यांत जन्मलेलाच घ्यावा. त्याचे डोळे खोल गेलेले नसावे, पकड घट्ट असावी, दिवसा तो डोळे मिटून बसलेला नसावा. पिंजरा रुंदीहून उंच असावा, दोन फूट रुंद तर चार फूट उंच. बाजूंस कांच नको, जाळी हवी. आंत जिवंत झाड, पानांवर ठिबकणारें पाणी, वरच्या टोंकास ऊब व खालीं गारवा, हाडें बळकट राहावीं म्हणून अतिनील किरणांचा दिवा, आणि एका पिंजऱ्यांत एकच प्राणी. एवढा खर्च करून ते जें उभारतात, ती आमच्या मतें परसांतील वईचीच नक्कल आहे.

आपल्या घोयऱ्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्यास धरणें, पाळणें वा विकणें हा गुन्हा होय. तेव्हां ज्यास घोयरा हवा असेल त्यानें प्राणी न निवडतां कुंपण निवडावें. रात्रीं विजेरी घेऊन हळूच पाहावें. झोंपलेला घोयरा फांदीच्या टोंकाशीं फिकट दिसतो व चटकन् नजरेस भरतो. एकदां दिसला कीं जागा ध्यानांत ठेवावी, दुरून पाहावें, हात लावूं नये. कुंपण एकाच दिवशीं सारें छाटूं नये, पाचोळा पेटवूं नये आणि कीटकांवर विष फवारूं नये, कारण ते कीटक हेंच त्याचें अन्न. चिऱ्यांची भिंत बांधून वई तोडली, तर दूध-पाणी ठेवून तो परत येत नाहीं.

मादी अंडीं घालण्यास झाडावरून खालीं उतरते व मातींत बीळ उकरते. त्या वेळीं ती रस्त्यावर सांपडते, आणि विषारी समजून लोक तिला ठेंचतात. घोयऱ्यास मुळींच विष नाहीं. जखमी आढळल्यास वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें.

तो विद्यार्थी पुढें पावसाळा सरतां सरतां एके संध्याकाळीं धांवत आला. शाळेमागच्या मेंदीच्या कुंपणांत त्यास एक घोयरा दिसला होता. आम्ही रात्रीं जाऊन पाहिला. दुसऱ्या रात्रींही तो त्याच डहाळीवर होता. कांचेची पेटी अद्याप कपाटावर आहे. तींत आम्ही खडू ठेवतों.